चतुर पंडित कोण होता? विष्णु नारायण भातखंडे आणि गाण्याची साक्ष

(१)
१९१० च्या सुमारास ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ नावाचा एक संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथकाराचे नाव होते चतुर पंडित. त्याच सुमारास ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ ह्या मराठी ग्रंथाचा पहिला भागही वाचकांच्या हाती आला. त्याचा कर्ता विष्णुशर्मा. हा विष्णुशर्मा आपल्या शिष्याला राग समजावून सांगताना वारंवार चतुर पंडिताचे श्लोक आधारासाठी घेतो आणि त्यांचा अर्थ लावतो. वाचणाऱ्याला वाटावे, एक जुना शास्त्रकार आणि एक नवा भाष्यकार आपल्यासमोर आहेत. प्रत्यक्षात दोघेही एकच. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे स्वतःच ग्रंथकार होते आणि स्वतःच आपले भाष्यकार.

(२)
हा निव्वळ गमतीचा किस्सा नाही. हिंदुस्थानी संगीताला आज जे क्रमिक पुस्तक आहे, दहा थाट आहेत, स्वरलिपी आहे, त्याचे मोठे श्रेय ह्या माणसाकडे जाते. ज्याने इतरांच्या कंठातले गाणे उघड्यावर आणण्याचा ध्यास घेतला, त्याने स्वतःचे नाव मात्र पडद्याआड का ठेवले? ह्या थ्रेडमध्ये त्या प्रश्नाच्या वाटेने त्यांचे आयुष्य आणि कार्य पाहायचे आहे.

(३)
भातखंड्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घर गवयांचे नव्हते; मुलाने शिकावे, पदवी घ्यावी, प्रतिष्ठेचा व्यवसाय करावा, ही त्या काळच्या मध्यमवर्गाची अपेक्षा होती. त्यांनी ती पुरी केली. १८८५ मध्ये बी. ए. आणि १८८७ मध्ये एल्एल्. बी. होऊन ते वकील झाले; काही काळ कराचीतही त्यांनी वकिली केली. पण विद्यार्थिदशेतच सतारीचे वेड लागले होते. वल्लभदास दामुलजी ह्यांच्याकडे त्यांचे सतारीचे शिक्षण झाले.

(४)
१८८४ मध्ये ते मुंबईच्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त दाखल झाले. १८७० मध्ये पारशी रसिकांनी स्थापन केलेली ही संस्था त्या काळात विलक्षणच म्हटली पाहिजे. दरबार नाही, देवडी नाही, कोठी नाही; वर्गणी भरणारे सभासद आणि शिकवण्यासाठी नेमलेले गायक. तेथे त्यांना रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदांची तालीम मिळाली आणि पुढे खयालही शिकायला मिळाला. गाणे हे एखाद्या घराण्याच्या कृपेवाचूनही शिकता येते, वर्गात बसून शिकता येते, ही कल्पना त्यांच्या मनात रुजायला ही मंडळी कारण झाली असावी.

(५)
वकिलाला एक सवय असते: दोन साक्षीदार एकाच घटनेविषयी वेगळे सांगू लागले की तो कागद मागतो. भातखंड्यांना गाण्यात नेमकी हीच अडचण दिसली. एकाच रागात एक उस्ताद कोमल धैवत लावी, दुसरा शुद्ध. विचारले तर उत्तर एकच, ‘आमच्या घराण्यात असेच आहे.’ ग्रंथ पाहावेत तर ते संस्कृतात, आणि त्यांतले राग कोणी गात नाही. गवयाला ग्रंथ ठाऊक नव्हता, ग्रंथ जाणणाऱ्या पंडिताला गाणे येत नव्हते. ह्या दोहोंची उलटतपासणी व्हावी, असे त्या काळी फारसे कोणाला वाटत नव्हते.

(६)
१९०० मध्ये त्यांच्या पत्नीचा आणि १९०३ मध्ये मुलीचा मृत्यू झाला. घर रिकामे झाले. ह्या आघातांविषयी पानेच्या पाने लिहिणारा हा माणूस नव्हता. पण पुढील वर्षांचा क्रम पाहिला की बरेच कळते. १९०४ मध्ये ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले, पुढे पूर्वेकडे आणि मग उत्तरेकडे गेले, आणि हळूहळू वकिली कायमची सुटली. एका माणसाचे सारे वात्सल्य जणू वह्यांकडे वळले. जेथे जातील तेथे ग्रंथालये धुंडाळावीत, हस्तलिखितांच्या नकला करून घ्याव्यात, गवयांना आणि शास्त्र्यांना प्रश्न विचारावेत आणि उत्तरे रोजनिशीत टिपून ठेवावीत, असा त्यांचा परिपाठ होता.

(७)
दक्षिणेत त्यांना हवी असलेली किल्ली सापडली. एट्टयपुरम येथे ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’चे कर्ते सुब्बराम दीक्षितर ह्यांची भेट झाली. कर्नाटक संगीताचे राग वेंकटमखींच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ ह्या सतराव्या शतकातील ग्रंथाच्या आधाराने ७२ मेळांत मांडले जात होते. त्यामागचे गणित साधे आहे. षड्ज आणि पंचम अचल. रिषभ-गंधाराच्या जोड्या ६, धैवत-निषादाच्या जोड्या ६, आणि मध्यम २ प्रकारचा. ६ गुणिले ६ गुणिले २, म्हणजे ७२. प्रत्येक रागाला पत्ता आहे, प्रत्येक पत्त्याला क्रमांक आहे. उत्तरेत मात्र राग-रागिणी-पुत्र अशा कौटुंबिक वर्गीकरणाचा पगडा होता. त्यात कोणती रागिणी कोणाची, ह्याचे उत्तर मतामतांप्रमाणे बदलत असे.

(८)
भातखंड्यांनी ७२ मेळ जसेच्या तसे उचलले नाहीत. उत्तरेत प्रत्यक्ष जे गायले जाते तेवढ्यापुरतीच चौकट हवी, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी दहा थाट निवडले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. शुद्ध स्वरांचा सप्तक म्हणून त्यांनी बिलावल मानला. आज शाळकरी मुलेही ही नावे पाठ म्हणतात, तेव्हा ती अनादिकालापासून चालत आलेली आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात ही मांडणी या स्वरूपात रूढ होऊन अवघे एक शतक लोटले आहे.

(९)
ह्या पद्धतीची ताकद भूप आणि देशकार ह्यांच्या उदाहरणावरून कळते. दोन्ही रागांत तेच पाच स्वर: सा, रे, ग, प, ध. केवळ स्वरांची यादी दिली तर दोघे एकच ठरतील. पण भूपाचा वादी गंधार, म्हणजे रागाचा भार सप्तकाच्या पूर्वार्धावर, आणि वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकाराचा वादी धैवत, भार उत्तरार्धावर, आणि वेळ सकाळची. म्हणून भूप कल्याण थाटात गेला आणि देशकार बिलावलात. वादी कोणता, तो पूर्वांगात की उत्तरांगात, मध्यम शुद्ध की तीव्र, ह्यांवरून रागाच्या वेळेचा अंदाज बांधता येतो, हे सूत्र भातखंड्यांनी सुटसुटीतपणे मांडले. उस्तादाला हा फरक गळ्याने ठाऊक होता. भातखंड्यांनी त्याला शब्द दिले.

(१०)
आता पुन्हा त्या ग्रंथाच्या नावाकडे येऊ. ‘लक्ष्य’ म्हणजे प्रत्यक्ष प्रचारात असलेले, आणि ‘लक्षण’ म्हणजे शास्त्राने घालून दिलेले. ह्याच महाराष्ट्रभूमीत, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. तो ग्रंथ सर्वांना शिरोधार्य. परंतु रत्नाकरातील रागांचा आजच्या गायनाशी थेट मेळ घालता येत नाही, असे भातखंड्यांनी स्पष्टपणे म्हटले. आपले संगीत वेदकाळापासून अखंड तसेच आहे, हे ऐकायला आतुर असलेल्या काळात असे म्हणणे सोपे नव्हते. जुन्या ग्रंथाचा मान राखावा, पण आज गायले जाते तेच प्रमाण मानावे, ही भूमिका त्यांनी ग्रंथाच्या नावातच घालून ठेवली.

(११)
आणि येथेच त्या टोपणनावामागची गुंतागुंत उलगडते. प्रचलित गाणे प्रमाण, हे सांगायला त्यांनी भाषा निवडली ती संस्कृत. कारण ज्यांना पटवायचे होते त्यांना संस्कृत श्लोकाशिवाय शास्त्र वाटत नव्हते. नवे मत जुन्या पोशाखात उभे करायचे, तर त्या पोशाखात मुंबईचा वकील शोभला नसता. चतुर पंडित शोभला. मग मराठीत विष्णुशर्म्याने त्याच पंडिताची साक्ष काढली. ह्यात प्रसिद्धिपराङ्मुख माणसाची नम्रता आहे, हे खरे. पण आपलाच अशील आणि आपलाच साक्षीदार, अशी वकिली हातचलाखीही आहे, हेही तितकेच खरे. इतिहासाच्या अभ्यासकाने ह्यांपैकी एकच बाजू निवडण्याची घाई करू नये.

(१२)
भातखंडे केवळ शास्त्रकार नव्हते. ते रचनाकारही होते. त्यांची ‘लक्षणगीते’ हा एक मजेदार प्रकार आहे. गीत ज्या रागात बांधले आहे, त्याच रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, वर्ज्य स्वर आणि वेळ त्या गीताच्या शब्दांत गुंफलेली असते. विद्यार्थी चीज पाठ करतो तेव्हा व्याकरणही आपोआप पाठ होते. ह्या रचनांतून ‘चतुर’ आणि ‘हररंग’ ह्या मुद्रा आढळतात. अनेकांनी त्या गायल्या. हररंग म्हणजे कोण, हे ठाऊक नसतानाही गायल्या. रसाच्या दृष्टीने ह्यांतील प्रत्येक चीज सदारंगाच्या तोडीची नसेल. पण शिकवण्याचे साधन म्हणून ही युक्ती फार मोलाची ठरली.

(१३)
खरा संग्रह मात्र ‘क्रमिक पुस्तक मालिके’त आहे. सहा भाग आणि दीड हजारांहून अधिक चिजा. स्वरलिपी इतकी सोपी की अर्ध्या तासात कळावी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, मींडेसाठी वर कमान, समेला फुली, खालीला शून्य. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन नावाच्या धर्मोपदेशकाने सारा ग्लोव्हर ह्या शिक्षिकेची पद्धत हाती घेऊन ‘टॉनिक सोल्फा’ अशीच सोपी केली होती, जेणेकरून पाश्चात्त्य स्वरलेखन न शिकलेल्या कामगारांना आणि मुलांनाही समूहाने गाता यावे. दोघांनीही एकच गोष्ट ओळखली होती: चिन्ह सोपे झाले की दरवाजा रुंद होतो.

(१४)
दरवाजा कोणासाठी रुंद झाला, हे नकाशावर पाहावे. ग्वाल्हेर, जयपूर, रामपूर, बडोदा, कोल्हापूर येथे संस्थानिक होते, म्हणून गवई होते. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. इंग्रजी अमदानीत आधी वणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळालेल्या जिल्ह्यात कापूस होता, भजन होते, कीर्तन होते. पण उस्तादाला वर्षासन देऊन पदरी ठेवणारा महाराजा नव्हता. अशा मुलखातल्या मुलाला किंवा मुलीला खयालाची एक खानदानी चीज शिकायची तर परमुलखात जाऊन वर्षानुवर्षे सेवा करणे भाग होते, आणि मुलीला तर तीही वाट बंद. क्रमिक पुस्तक हे अशा ठिकाणी गुरूची जागा घेऊ शकत नाही. पण पुसदच्या किंवा दारव्ह्याच्या संगीतशिक्षकाच्या टेबलावर रामपूरची चीज आणून ठेवणे, हे काम पुस्तकाशिवाय दुसऱ्या कशाने झाले नसते.

(१५)
ह्या चिजा आल्या कोठून? जयपूरच्या मोहम्मद अली खाँ कोठीवाल ह्यांच्यासारख्या खानदानी गायकांकडून, रामपूरच्या दरबारातून, ग्वाल्हेरच्या परंपरेतून. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ ह्यांचे शिष्यत्व भातखंड्यांनी पत्करले ते ह्याच ओढीने. चीज ही त्या घराण्यांची मिरास होती. मुलाला द्यावी, जावयाला हुंड्यात द्यावी, पण परक्याला देऊ नये, अशी वस्तू. ती छापून चार-दोन रुपयांत बाजारात आली, तेव्हा शिकणाऱ्यांचे भले झाले. पण ज्यांच्या पोटापाण्याचा आधारच त्या गुप्ततेवर होता त्यांचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. भातखंड्यांच्या लेखनात अशिक्षित उस्तादांविषयी कठोर, क्वचित तुसडा सूर लागतो. ज्यांच्या गळ्यातून त्यांनी ग्रंथ उभा केला, त्यांपैकी अनेकांना शास्त्र कळत नाही असे ते म्हणत राहिले. हे ऋण आणि ही तक्रार एकाच वहीत शेजारीशेजारी आहेत.

(१६)
तरीही कसोटीची वेळ आली तेव्हा त्यांनी कौल दिला तो प्रचलित गाण्यालाच. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींचे गणित मांडणारे पुस्तक लिहिले होते. ई. क्लेमेंट्स ह्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने ते विचार पुढे नेले आणि त्या मापांची ‘श्रुती हार्मोनियम’ही तयार झाली. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा हा वाद तेथे गाजला. पेटीतून निघणाऱ्या मोजलेल्या श्रुतींना भातखंड्यांनी प्रमाण मानले नाही. व्यवहारात बारा स्वरांची चौकट पुरे, आणि त्यातले सूक्ष्म भेद गायकाच्या कानाने ठरतात, अशी त्यांची बाजू होती. उस्तादांवर रागावणारा हा माणूस अखेर यंत्रापुढे उस्तादांच्याच बाजूला उभा होता.

(१७)
बडोद्यानंतर दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौला राय उमानाथ बली प्रभृतींच्या सहकार्याने मॅरिस कॉलेज उघडले. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर ह्यांनी तेथील धुरा सांभाळली आणि आज ती संस्था भातखंड्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. राजा नवाब अली खाँ ह्यांनी हीच पद्धती ‘मआरिफुन्नगमात’ ह्या ग्रंथाद्वारे उर्दूत नेली. संस्कृत, मराठी, हिंदी, उर्दू. एका गाण्याला इतक्या लिप्यांतून वाट करून देण्याची उदाहरणे थोडीच.

(१८)
मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. दहा थाटांच्या खोक्यांत सगळे राग बसत नाहीत. अहीर भैरवात कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद एकत्र येतात. दहांपैकी कोणत्याही थाटात हे स्वर नेमके मिळत नाहीत. मधुवंतीचेही तसेच. भूपात मध्यम नाही आणि निषादही नाही, तरी त्याला कल्याण थाटात बसवायचे ते चलनाच्या आधाराने, स्वरांच्या नव्हे. आणि दरबारीचा आंदोलित गंधार कोणत्या रेघेने दाखवणार? स्वरलिपी सांगाडा देते. श्वास गुरूकडूनच घ्यावा लागतो. पुस्तक हेच गाणे असे समजून शिकवणाऱ्यांमुळे रागाचे रूप कोरडे झाले, ही तक्रार जुनी आहे आणि अगदी निराधार नाही.

(१९)
१९३३ मध्ये भातखंड्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा चौथा भाग त्याआधी, १९३२ मध्ये, पुरा झाला होता. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत तीन वर्षे गेली आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. क्रमिक मालिकेचे अखेरचे भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. घरात वारस नव्हता. पण ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नाही असे हजारो विद्यार्थी त्यांच्या वह्यांवर वाढले.

(२०)
चतुर पंडित हे नाव घेण्यामागे संकोच किती आणि डावपेच किती, ह्याचे मोजमाप आता कोणी करू शकणार नाही. एवढे मात्र दिसते की ग्रंथावर आपले नाव असावे, ह्यापेक्षा ग्रंथ मानला जावा, ह्याची त्यांना अधिक चिंता होती. ज्या खानदानी गवयांनी चिजा दिल्या त्यांची नावेही आज विद्यार्थ्याला क्वचितच ठाऊक असतात. तेव्हा क्रमिक पुस्तक उघडणाऱ्याने वकिलाबरोबर त्या गवयांचेही स्मरण ठेवावे.

(२१)
हा थ्रेड वाचून झाल्यावर एक प्रयोग करण्यासारखा आहे. भूप आणि देशकार लागोपाठ ऐकावेत, स्वर तेच असताना मन कोठे वळते ते पाहावे. मग अहीर भैरव ऐकून त्याचा थाट शोधण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या प्रयोगात भातखंड्यांची दृष्टी कळेल, दुसऱ्यात तिची सीमा. दोन्ही एका संध्याकाळी होण्यासारखे आहे, आणि त्यासाठी कोणाच्या देवडीवर ताटकळण्याची आता गरज नाही.